तुझ्याकडे खरंच पिस्तूल आहे का, असं मैत्रिणी विचारतात. हो, माझ्याकडे आहे. का आहे ते सांगते

मागच्या भोंडल्याला कामावरून थेट मैत्रिणीकडे गेले, घरी जाऊन साडी नेसायला वेळच नव्हता, स्क्रब्जवरच, म्हणजे कामाच्या सैल सुती कपड्यांतच गेले. दारातच तिने मिठी मारली आणि तिचा हात नेमका माझ्या कमरेला उजवीकडे लागला. "अगं, इन्शुलिन पंप कधी बसवलास? बोलली नाहीस काही!" तिच्या आवाजात इतकी काळजी होती की मला खोटं बोलवेना. म्हटलं, पंप नाही गं, पिस्तूल आहे.

त्या दिवशीची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. सगळ्याजणी हत्तीभोवती फेर धरत होत्या आणि लक्ष माझ्या कमरेकडे. तोवर मी ते गाडीत कुलपात ठेवून आले होते, मैत्रिणीने सांगायच्या आधीच, कारण तिचं घर आहे, तिला न विचारता आत नेलं ही माझीच चूक होती आणि मी तिथेच सॉरी म्हटलं. पण नंतर चहा घेताना एकेकीचे प्रश्न सुरू झाले. तू? तुला भीती नाही वाटत? मुलगा आहे ना घरात? नवऱ्याला चालतं? तेव्हा धड उत्तर देता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितेय. पटवायला नाही, माझ्या नवऱ्यालाच अजून पटलेलं नाही तर तुम्हाला काय पटवणार.

आधी माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे, टेक्सासमध्ये होम हेल्थ करते, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन. गुडघा बदललेले, स्ट्रोक झालेले, पडून खुबा मोडलेले आजी-आजोबा. डॅलसच्या पूर्वेला तास-दीड तासावर माझा एरिया, सगळी गावं आणि शेतं आणि पाइनची झाडं. दिवसाला सहा-सात घरं, शंभर-सव्वाशे मैल, एकटी. बरेचसे रस्ते एफएम, म्हणजे फार्म टू मार्केट, त्यावरून आत काउंटी रोड, त्यावरून आत खडीचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला एखादा ट्रेलर. फोनला रेंज असेल तर असेल. लोक चांगले आहेत हे पहिल्यांदा सांगते. मला पीच, अंडी, हरणाच्या मांसाचं सॉसेज (मी खात नाही, नवरा खातो) असं काय काय मिळालंय. एक आजोबा मला दर वेळी फाटकापर्यंत सोडायला वॉकर घेऊन येतात, तोच त्यांचा व्यायाम.

पण २०१७ चा नोव्हेंबर. घड्याळं मागे करून आठवडा झाला होता त्यामुळे साडेपाचलाच काळोख. शेवटची व्हिजिट संपवून एका पेट्रोल पंपावर थांबले, पेट्रोल भरलं, आत जाऊन पाण्याची बाटली घेतली, निघाले. तीन-चार मैलांवर लक्षात आलं की मागे एक पिकअप आहे आणि त्याचे दिवे माझ्या आरशात नको तेवढे जवळ आहेत. मी हळू केली, त्याने हळू केली, मी पळवली, तोही. आता कुणी म्हणेल सरळ जायचं, गावात जायचं. बरोबर आहे. पण घाबरलेलं डोकं तसं चालत नाही, मी वळले, वाटलं तो सरळ जाईल. तोही वळला. आणि तो रस्ता पुढे एका गोठ्याच्या लोखंडी फाटकाशी संपत होता.

त्याने पिकअप माझ्या मागे आडवी लावली. दिवे चालूच. एक माणूस उतरला, माझ्या काचेपाशी आला, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि काहीतरी बोलला, मला कळलं नाही, मी काच उघडली नाही. मग तो परत गेला, पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं, त्यावर बसला आणि एक कॅन उघडला. बस. बसून माझ्याकडे बघत राहिला.

मी ९११, इथला पोलिसांचा इमर्जन्सी नंबर, लावला. त्या बाई शांतपणे विचारतात, तुम्ही नक्की कुठे आहात? मला काय माहीत कुठे आहे. समोर फाटक, दोन्ही बाजूंना अंधार, मागे तो. शेवटी फोनवरून त्यांना अंदाज आला, म्हणाल्या, डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीस, निघालाय, लाइनवर राहा. मी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सहा मिनिटं. नऊ मिनिटं. माझ्या गाडीत काय होतं तर सांधा किती वाकतो ते मोजायचा गोनिओमीटर, व्यायामाच्या रबरी पट्ट्यांची रोलं, बीपीचं मशीन आणि पेपर स्प्रे. तेराव्या का चौदाव्या मिनिटाला त्याने कॅन चेपला, झुडपात फेकला, फळकूट लावलं आणि गेला. डेप्युटी आला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती.

चांगला पोरगा होता, तिशीचा असेल. मी रडत होते तर त्याने आधी माझं रडणं संपू दिलं. म्हणाला, मॅम, आज रात्री अख्ख्या काउंटीला आम्ही चारजण आहोत. मग विचारलं, तुमच्याकडे गन आहे? म्हटलं नाही. तो म्हणाला, असायला हवी.

काही झालंच नाही ना, हे मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. झालं नाही हे खरंय. रिपोर्टमध्येही काही लिहिण्यासारखं नव्हतं, सार्वजनिक रस्त्यावर बसून एक माणूस काहीतरी प्यायला. पण माझ्यापुरतं त्या रात्री एक कळलं की पोलीस येतात, नक्की येतात, पण ते येईपर्यंतचा जो वेळ आहे तो पूर्णपणे माझा एकटीचा आहे. तिथे दुसरं कुणी नाही.

त्या पोराला सांगता आलं नाही ते असं की मला गन घेताच येत नव्हती. मी एच-वन-बी वर होते आणि व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक काय, गोळीसुद्धा जवळ ठेवता येत नाही. त्यातही पळवाट आहे म्हणे, शिकारीचं लायसन्स काढलं की तो अपवादात बसतो. ऑफिसमधल्या एकाने अगदी उत्साहाने सुचवलं होतं, कबुतरं मारायचं लायसन्स काढ. मी कोकणातली असले तरी मासे सोडून काही मारलेलं नाही आणि व्हिसाशी खेळ करायची छाती कुणाची आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझा नंबर, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१२ ची, रांगेत उभं राहून ग्रीन कार्ड आलं २०२२ ला. तोवर पेपर स्प्रे. तो एकदाच वापरला, अंगावर आलेल्या कुत्र्यावर, आणि वारा समोरून. कुत्रं शिंकून निघून गेलं, मी अर्धा तास पेशंटच्या अंगणातल्या नळाखाली डोकं धरून. पंचाऐंशी वर्षांची आजी वॉकर घेऊन बाहेर येऊन मला दूध देतेय डोळ्यांवर मारायला. कोण कुणाची थेरपी करतंय.

बंदूक मला नवीन नव्हती हेही सांगायला पाहिजे. सावंतवाडीकडच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. सिंधुदुर्गात अशा भरपूर. भाताला कणसं धरली की रानडुकरं रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात, काजूला माकडं, त्यासाठी. माजघरात खुंटीला टांगलेली असायची. दारू, छर्रे, गज, केप, सगळं वेगळं वेगळं, आणि आम्हा पोरांना एकच वाक्य, "हात लावू नको गो, भरलेली आसा." नसायची भरलेली. पण आजोबा कायम भरलेलीच सांगायचे. पुढे नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरने फळ्यावर नियम नंबर एक लिहिला, प्रत्येक गन भरलेलीच समजा, तर मला हसू आलं, तो म्हणाला काय झालं, म्हटलं काही नाही, हा क्लास माझा सातव्या वर्षी झालाय.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबांची डुकरांसाठी होती गो. तुझी कोणासाठी?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. असो.

ग्रीन कार्ड मे २०२२ मध्ये आलं. त्याच महिन्यात, २४ मे ला, टेक्सासमधल्याच उवाल्डे गावच्या शाळेतला गोळीबार. १९ मुलं आणि २ शिक्षिका. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. आमच्या घरी त्या आठवड्यात जे भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही एकाच बातमीवरून भांडत होतो. नवरा म्हणतो, बघ, अठरा वर्षांच्या पोराला दुकानात जाऊन कायदेशीर रायफली मिळतात, आणि तुला या सगळ्यात अजून एकाची भर घालायचीय? मी म्हणते, तिथे शेवटी पावणेचारशेहून जास्त पोलीस जमले होते आणि वर्गाचं दार उघडायला ७७ मिनिटं लागली. मला बावीसच लागली होती. तो बरोबर आहे. मीही. दोन्ही गोष्टी एकाच स्वयंपाकघरात राहतात आमच्याकडे.

त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त लागतो. फिलँडो कॅस्टिल. २०१६, मिनेसोटा. गाडी थांबवली, त्याच्याकडे परवाना होता, त्याने स्वतःहून शांतपणे पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे गन आहे, आणि पोलिसाने त्याला तिथेच गोळ्या घातल्या, गाडीत बायको म्हणावी अशी मैत्रीण आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला. नवरा म्हणतो, आपला रंग बघ, तुझा उच्चार बघ, चुकून एखाद्याने तुझी गाडी थांबवली तर? म्हणून माझी रीत ठरलेली आहे. गाडी थांबवली की आतला दिवा लावायचा, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर बोटं पसरून. टेक्सासमध्ये गन जवळ असेल आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर कॅरीचं, म्हणजे गन बाळगायचं लायसन्सही दाखवायचं असतं, तर ते दोन्ही मी सूर्यप्रकाशासाठीच्या सनव्हायझरला अडकवून ठेवते, पर्समध्ये हात घालायची वेळच नको. दोनदा थांबवलंय आजवर, दोन्ही वेळा स्पीडिंग. दोघांनीही विचारलं कुठेय, सांगितलं कमरेला उजवीकडे, ते म्हणाले ठीक आहे, तुम्ही त्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही. एकदा तिकीट मिळालं, एकदा वॉर्निंग. पण ती चार मिनिटं माझे गुडघे कापत होते, आणि मी गुडघ्यांचीच डॉक्टर.

बरं, लायसन्सचं. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये २१ वर्षांच्या वरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन घेऊन फिरता येतं. म्हणजे मला क्लासची सक्ती नव्हती. तरी केला, कारण मला काही येत नव्हतं आणि ज्याला येत नाही त्याच्या कमरेला ही वस्तू असणं मला भयंकर वाटतं. कायदा काहीही म्हणो. शनिवारी पाच तास वर्गात, मग परीक्षा, मग रेंज. पन्नास गोळ्या, वीस ३ यार्डांवरून, वीस ७ वरून, दहा १५ वरून, २५० पैकी १७५ पाहिजेत. मला २३१ पडले. (आईला सांगितलं, तिला वाटलं बोर्डाचे मार्क.) फी ४० डॉलर, बोटांचे ठसे, आणि काही आठवड्यांनी पोस्टाने कार्ड.

त्या वर्गात इतिहासही सांगतात. १९९१ साली किलीन गावात लुबीज नावाच्या कॅफेटेरियात एकाने पिकअप काच फोडून आत घातली आणि २३ माणसं मारली. तिथे सुझाना हप नावाची बाई आईवडिलांबरोबर जेवत होती. तिच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण तेव्हा टेक्सासमध्ये लपवून बाळगणं बेकायदेशीर म्हणून तिने ते गाडीत ठेवलेलं. ती वाचली, आईवडील दोघंही गेले. ती नंतर ठिकठिकाणी जाऊन हे सांगत राहिली आणि १९९५ ला राज्यात परवान्याचा कायदा झाला, जॉर्ज बुश धाकटे तेव्हा गव्हर्नर. मला ती गोष्ट ऐकताना त्या गाडीतल्या रिव्हॉल्व्हरचंच सारखं डोक्यात येत राहिलं, कारण माझंही बराच वेळ गाडीतच असतं.

कारण आमच्या एजन्सीचा नियम, पेशंटच्या घरात शस्त्र न्यायचं नाही. मला तो नियम योग्यच वाटतो. मी वाकून माणसं उचलते, बेडवरून खुर्चीत घेते, त्यांचे हात माझ्या कमरेला असतात. तिथे पिस्तूल? छे. मग दर घरापाशी गाडीतच ते काढायचं, सीटच्या खाली स्टीलची पेटी आहे, वायरने सीटच्या सांगाड्याला जखडलेली, त्यात कुलूपबंद. परत आले की पुन्हा बांधायचं. यातली खरी जोखीम चोराची नाही, हाताळण्याची आहे. दिवसातून चौदा वेळा काढा-घाला करायची तर कधीतरी बोट नको तिथे जाणार. म्हणून मी होल्स्टरमधून, म्हणजे त्याच्या म्यानातून, पिस्तूल काढतच नाही, अख्खं होल्स्टरच क्लिपसकट काढते, ट्रिगर झाकलेलाच राहतो. स्क्रब्जला पट्टा नसतो, नाडी असते, त्यामुळे आत वेगळा रुंद पट्टा बांधावा लागतो, उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं. पर्समध्ये का नाही ठेवत म्हणून विचारतात. पर्स आपण कुठेही ठेवतो, शॉपिंग कार्टमध्ये, मैत्रिणीच्या सोफ्यावर, मुलाच्या हातात. आणि ओढणारा पहिल्यांदा पर्सच ओढतो.

पिस्तूल कुठलं ते सांगते, कारण त्यातही माझा व्यवसाय आडवा आला. बारा वर्षं लोकांचे सांधे दाबून दाबून माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाला डी-क्वर्वेन, म्हणजे तिथल्या स्नायुबंधांना सूज, झालंय, किटलीसुद्धा दुखत उचलते. दुकानातल्या माणसाने एकेक हातात दिलं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढताना डोळ्यांतून पाणी. मग त्याने स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड दिली, नऊ एमएम, आठ गोळ्यांचं मॅगझिन, तिची स्प्रिंग हलकी आहे. तो म्हणाला, ही आम्ही बहुतेक वयस्कर ग्राहकांना देतो. घेतली. फॉर्म भरला, त्यात नागरिकत्वाच्या रकान्यात भारत आणि खाली एलियन नंबर, म्हणजे परदेशी माणसाचा सरकारी नंबर, एफबीआयकडून तपासणी वीस मिनिटांत आली. मला गंमत वाटली, ग्रीन कार्डाला दहा वर्षं आणि पिस्तुलाला वीस मिनिटं.

कुठे न्यायचं नाही याची यादी तोंडपाठ आहे. शाळा नाही, पोस्ट ऑफिस नाही, कोर्ट नाही, दारूवर चालणारा बार नाही, त्यांच्या दारावर लाल रंगात ५१ टक्के लिहिलेलं असतं. कुठल्याही खासगी जागेच्या दारावर थर्टी ओ सिक्सची, म्हणजे त्या कलमाखाली गन आत आणायला मनाई करणारी पाटी असेल, इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीची अक्षरं, तर नाही. मंडळाचे कार्यक्रम हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये असतात म्हणून त्या दिवशी ते घरी तिजोरीत. म्हणजे बघा, मला जिथे सगळ्यात जास्त माणसं भेटतात तिथे बहुतेक वेळा माझ्याकडे ते नसतंच. डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये ६ मे २०२३ ला गोळीबारात आठजण मेले, त्यात तेलंगणाची एक इंजिनीअर मुलगी होती. आम्ही सगळे तिथे शूज घ्यायला जायचो. तेव्हा लोकांनी मला विचारलं, आता तरी बरं वाटत असेल ना तुला, जवळ आहे म्हणून. नाही. रायफलवाल्यासमोर आठ गोळ्या आणि दुखरा अंगठा घेऊन मी काय करणार, मी पळणार, मुलाला घेऊन पळणार. मी मॉलसाठी बाळगत नाही. मी त्या फाटकासाठी बाळगते.

आणि त्या फाटकापाशी तरी काय केलं असतं? हे मी हजारदा मनात चालवलंय. फळकुटावर बसून बिअर पिणाऱ्या माणसाला गोळी घालता येत नाही, कायद्याने नाही आणि माझ्याच्याने तर नाहीच. इन्स्ट्रक्टर म्हणायचा, प्रत्येक गोळीच्या मागे एक वकील बांधलेला असतो. त्यामुळे पिस्तूल असतं तरी मी काच बंद करून, ९११ वर बोलत, घड्याळ बघत तशीच बसले असते. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. फक्त त्याने काच फोडली असती तर पुढे काय, या प्रश्नाला त्या रात्री माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि आता एक वाईट, शेवटचं, पण उत्तर आहे. एवढंच. लोकांना मोठं कारण हवं असतं, मला एवढंच पुरतं.

आजवर एकदाही काढावं लागलेलं नाही. एकदा पंपावर एकजण पैसे मागत अगदी अंगाशी आला तर मी मागे सरकत सरकत गाडीत बसले आणि पेट्रोलचा नळ तसाच टाकून झाकण उघडं ठेवून निघून गेले. पूर्वी मी वाद घातला असता. आता नाही घालत, हॉर्न नाही वाजवत, कुणी रस्त्यात आडवा घुसला तर घुसू दे.

आता दुसरी बाजू, जी भोंडल्याला सांगितली नाही. माझा एक पेशंट आहे, विशीतला. मित्राच्या हातून "रिकाम्या" पिस्तुलातून सुटलेली गोळी पाठीत, टी-टेनला, म्हणजे छातीच्या मागच्या दहाव्या मणक्याला. कमरेखाली काही नाही. फळीवरून सरकून बेडवरून खुर्चीत जायला आम्हाला सहा आठवडे लागले. ज्या दिवशी तो पहिल्यांदा एकटा सरकला त्या दिवशी दोघं ओरडलो, त्याची आई धावत आली. त्याच्या उशाशी आजही पिस्तूल असतं. मी व्हिजिटला जायच्या आधी फोन करते आणि तो ते कपाटात कुलपात ठेवतो, हा आमचा करार. मी त्याला काही बोलू शकत नाही, माझंही गाडीत आहे.

आणि २०२३ मध्ये बाबा गेले. मी वेळेत पोचले नाही. परत आल्यावर झोप नाही, जेवण नाही, असं बरेच दिवस. या देशात बंदुकीने जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच हाताने मरतात, हे मला क्लासमध्ये सांगितलेलं आठवत होतं. मला तसले विचार येत होते असं नाही. पण एका रात्री तिजोरीचा नंबर दाबताना मी स्वतःलाच विचारलं, आत्ता कशाला उघडतेयस? कारण नव्हतं. सकाळी इन्स्ट्रक्टरला फोन केला, तो म्हणाला घेऊन ये, काहीही विचारलं नाही, पावती लिहून दिली. तीन महिने ते त्याच्या सेफमध्ये होतं. त्या तीन महिन्यांत मी त्याच रस्त्यांवरून त्याच घरांना गेले.

मुलगा अकरा वर्षांचा झालाय. त्याला माहीत आहे. तिजोरी आकड्यांची आहे, बोटाच्या ठशाची नाही, झोपेत कुणी आपलं बोट लावू शकतं. गोळ्यांचे डबे दुसऱ्या खोलीत. सतराच्या आतल्या मुलाच्या हाताला लागेल असं हत्यार ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण गुन्हा नसता तरी. त्याला काय सांगायचं यावर आम्ही नवराबायको जे एकाच मुद्द्यावर एकमत आहोत तो हा. कुणाच्या घरी खेळायला जायचं तर आम्ही आधी विचारतो, तुमच्याकडे गन आहे का, कुठे ठेवता. सुरुवातीला लाज वाटायची. इथले लोक उलट आनंदाने तिजोरी दाखवतात.

२०२५ च्या मे मध्ये गावी गेलो, गोव्यातल्या मोपा विमानतळामुळे आता सावंतवाडी अगदी जवळ आलीय. निघायच्या आदल्या रात्री मी बॅगा पलंगावर उपड्या केल्या. अमेरिकेतून येणाऱ्यांच्या बॅगेत चुकून राहिलेलं एक जिवंत काडतूस सापडलं तरी भारतात आर्म्स ॲक्टखाली केस होते, विमान चुकतं, कोर्टकचेऱ्या. रेंजवर नेते ती बॅग मी प्रवासाला कधीच वापरत नाही. तरी माझ्या कार्डिगनच्या खिशात एक पितळी पुंगळी निघाली, रिकामी, रेंजवर उडून पडलेली असणार. मग सगळं पुन्हा. बुटांतसुद्धा बॅटरी मारून बघितलं. नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही, मग तोही खाली बसून मुलाची बॅग तपासायला लागला.

गावी पोचल्यावर माजघरात खुंटी रिकामी. आजोबांनंतर परवाना काकांच्या नावावर झालाय. म्हटलं, काका, बंदूक कुठे?

"ती पोलीस स्टेशनाक."

निवडणूक आली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. लोकसभेला दिली. आणायला जाणार तेवढ्यात पावसाळा, मग विधानसभा आली, म्हटलं परत आणा परत द्या कोणी सांगितलंय. आता जिल्हा परिषदेची लागेल म्हणत होते. काका सुपारी कातरत होते. डुकरांचं काय करता विचारलं तर म्हणाले फटाके लावतंय, पळतत थोडी, मग परत येतत.

मग अडकित्ता थांबवून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या थंय इलेक्शनाक जमा करूची नाय लागत?"

"नाही, काका."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

"मगे इलेक्शन करतास कशी?" म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.